अधांतरची रांग

'अधांतर'वरून उतरलेली माणसं काय बोलतात ते ऐकायला मृणाल तांबट तीन दिवस बाहेर पडायच्या दरवाजाशी उभी होती. एकशे दहा मीटर उंचीवरून माणसांना खाली सोडणारा तो मनोरा. इगतपुरीच्या पलीकडच्या पठारावर 'गगनझेप' हे मनोरंजन उद्यान उभं राहिलं तेव्हा त्याची सगळी जाहिरात याच एका राईडवर होती. आणि आता तिथून उतरलेला एक कॉलेजचा मुलगा मित्राला विचारत होता, "झालं? एवढंच?" मित्राने जांभई दिली.

मृणाल गंधरसायनांचं काम करायची. नाशिकच्या अगरबत्तीच्या कारखान्यात आठ वर्षं काढल्यावर उद्यानाने तिला बोलावून घेतलं होतं. राईडच्या उद्यानाला वासवाली बाई कशाला हवी, हा प्रश्न तिलाही पडला होता. त्याचं उत्तर पराग सुखटणकरांनी दिलं. ते 'अनुभव विभागा'चे प्रमुख, पन्नाशीचे, मृदू बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे गृहस्थ.

"लोक राईडला येतात असं तुला वाटतं," ते म्हणाले. "राईड चौदा सेकंदांची आहे. रांग पन्नास मिनिटांची. आम्ही विकतो ती रांग."

मग त्यांनी तिला रिकामी रांग चालवून दाखवली. दर बारा पावलांवर वळण होतं, म्हणजे पुढे किती माणसं आहेत ते कुणाला कळू नये. एका भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकू यायच्या, पण किंचाळणारे दिसायचे नाहीत. पुढच्या वळणावर एक अरुंद झरोका होता, त्यातून फक्त लोंबकळणारे पाय दिसायचे. छत हळूहळू खाली येत जायचं आणि हवा थंड होत जायची. पाटीवर थांबण्याची वेळ सत्तर मिनिटं लिहिलेली असायची आणि लागायची पन्नास, त्यामुळे दार उघडलं की पोटात खड्डा पडायचा, कारण मन अजून तयार झालेलं नसायचं. मेंदूचं हे जुनंच गणित आहे. हवी असलेली गोष्ट हातात पडते त्या क्षणापेक्षा ती आता येणार असं वाटतं तेव्हा मेंदूतली रसायनं जास्त उसळतात.

"पण आता हे चालत नाही," सुखटणकर म्हणाले. "घरोघरी आभासी दृश्यं दाखवणारे चष्मे आहेत. पोरं ते लावून रोज कड्यावरून उड्या मारतात. त्यांचे डोळे मेलेत, कान मेलेत. नाक तेवढं अजून कोरं आहे."

त्यांना हवा होता भीतीचा वास.

यात जादू काही नव्हती. धावून आलेल्या माणसाच्या काखेतला घाम वेगळा आणि घाबरलेल्या माणसाचा वेगळा, हे प्रयोगशाळांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. विमानातून पहिल्यांदा उडी मारणाऱ्यांच्या काखेत कापसाच्या चकत्या बांधायच्या आणि त्या दुसऱ्यांना हुंगायला द्यायच्या. हुंगणाऱ्याला वास आल्याचं कळतही नाही, पण त्याच्या मेंदूतला धोका ओळखणारा भाग जागा होतो, छाती धडधडू लागते. कळपातलं एक जनावर बिथरलं की बाकीची न बघताच बिथरतात, तसंच हे. अडचण एवढीच, की या घामात पन्नास-साठ द्रव्यं असतात आणि सगळा खेळ त्यांच्या प्रमाणात असतो. कारखान्यात ते प्रमाण जुळवता येत नाही. म्हणून मृणालने विरजणाची पद्धत काढली. काखेत राहणारे जंतू टाकीत वाढवायचे आणि त्यांना खऱ्या घामाचा एक थेंब लावायचा. दोन दिवसांत चारशे लिटर तयार.

टाकीचं झाकण उघडलं की नासलेला कांदा आणि ओल्या बोकडाचा वास अंगावर यायचा. मदतनीस मुली नाक दाबून पळायच्या. मृणालला त्याचं काही वाटायचं नाही. वासाला चांगलं-वाईट म्हणणं हे तिच्या लेखी अडाणीपणाचं होतं.

पहिले नमुने राईडवर बसणाऱ्यांचेच घेतले. ते कुचकामी निघाले. कमरेला पट्टा आहे हे माहीत असलेल्या माणसाचा घाम तो. त्यात भीतीची नुसती नक्कल होती. मग सुखटणकरांनी बाहेरून पुरवठादार आणला. आकडे लिहिलेल्या छोट्या कुप्या येऊ लागल्या. पहिली कुपी उघडली तेव्हा मृणालच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"कुठून येतात या?" तिने विचारलं.

"स्वयंसेवक असतात. प्रत्येकाचं संमतीपत्र आहे," सुखटणकर म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत 'अधांतर'च्या रांगेतल्या सातव्या वळणावर, छताच्या जाळीतून, ती हवा सोडायला सुरुवात झाली. तिथपर्यंत खिदळत आलेले घोळके गप्प व्हायचे. आया मुलांची मनगटं घट्ट धरायच्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या जवळ सरकायची. आणि वरून पडून खाली आल्यावर कुणी जांभई देईना. लोक रडत होते, हसत होते, आणि कितीतरी जण बाहेर पडताच खिशातून फोन काढून घरी लावत होते. आई बरी आहेस ना, बाबा जेवलात का, असलं काहीतरी विचारत होते. जाहिरात खात्याने लगेच पाट्या रंगवल्या. 'उतराल, आणि घरी फोन कराल.' एकाने लिहून कळवलं, की तो दोन वर्षांनी वडिलांशी बोलला. वार्षिक बैठकीत मृणालने ते पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आपण माणसं जोडतोय." टाळ्या पडल्या. तेव्हा तिला ते खरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं.

अण्णा सिन्नरला राहायचे. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. सकाळी साडेसहाला त्यांना आत नेलं. मृणालने कागदांच्या गठ्ठ्यावर, परिचारिका बोट ठेवील तिथे, भराभर सह्या केल्या. मग ती आणि आई वातानुकूलित दालनात बसून राहिल्या. आई मंदाकिनी हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. अधूनमधून तिने मृणालला विचारलं, "तू काही खाल्लंस का गं?" याखेरीज ती काही बोलली नाही. दुपारी पावणेतीनला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी चष्मा काढला.

अण्णा गेले.

दिवसपाणी आटोपून मृणाल कामावर परतली तेव्हा तीन आठवडे झाले होते. मदतनीस मुलीने तिच्या गैरहजेरीतल्या नोंदी पुढे ठेवल्या. एका कुपीपुढे तिने लाल शाईने लिहिलं होतं, 'आतापर्यंतचा सर्वांत उत्तम नमुना.' त्याचं विरजण लावून झालं होतं, चार दिवस ती हवा रांगेत सुटतही होती. कुपीत थोडं शिल्लक होतं. मृणालने झाकण काढून नाकाखाली धरलं.

आधी निर्गुडीचा वास आला. घामाच्या नमुन्यात कुणाच्या अंगाचं तेल-पावडर येतच असे, तिने तिकडे दुर्लक्ष केलं. मग कापूर आला. आणि त्याच्या मागून खरपूस भाजलेला ओवा.

ते तेल अण्णा करायचे. आईचा उजवा खांदा आखडायचा म्हणून निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात कढवून, कापूर घालून. ओवा आधी तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा हा त्यांचा स्वतःचा शोध. आई त्यावरून त्यांना दरवेळी बोलायची, की घरभर धूर करता. असं तेल कुठल्या बाजारात मिळत नव्हतं. आणि त्या तेलाखाली, उग्र, आंबट, जिवाच्या आकांताने सुटलेला तो दुसरा वास होता. तिने त्या खात्यात शेकडो कुप्या हुंगल्या होत्या. एवढी भीती तिने कशातच हुंगली नव्हती.

मृणालने कुपी टेबलावर ठेवली, बेसिनपर्यंत गेली, आणि ओकली. 

त्याच दुपारी ती सिन्नरला गेली. आई ओट्याशी मेथी निवडत होती.

"आई, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुझ्या अंगाला काही लावलं होतं का?"

"हो की. निळ्या कोटातली एक मुलगी आली होती, बायकांच्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, नातेवाइकांना भोवळ येते, म्हणून मोजायला लावतो. दोन्ही काखांत पांढरं काहीतरी चिकटवलं." आईने देठ बाजूला टाकले. "मला आपलं वाटलं, चांगली काळजी घेतात."

"आणि काढलं कधी?"

आईचा हात थांबला. "अण्णा गेल्याचं सांगितलं ना, त्यानंतर. तू खाली गाडीचं बघायला गेली होतीस. मी तिथेच भिंतीशी बसले होते. ती मुलगी आली आणि म्हणाली, आजी, हात वर करा."

मृणालने कपाटातून रुग्णालयाचे कागद काढले. अकराव्या पानावर, बारीक अक्षरांत, नातेवाइकांच्या शरीरस्रावांचा नाव न सांगता व्यावसायिक उपयोग करण्यास संमती दिलेली होती. खाली तिचीच सही होती, सुवाच्य, तारखेसकट.

मग तिने आईला सगळं सांगितलं. टाकी, जाळी, सातवं वळण.  सांगून झाल्यावर आई म्हणाली, "म्हणजे माझा घाम लोक हुंगतात."

"त्यांना कळत नाही, आई. त्यांना नुसती भीती वाटते. आणि मग मजा येते."

"मजा येते?"

मृणालने कागदांची घडी घातली.

"मी त्या दिवशी तोंडातून भीतीचं अवाक्षर काढलं नव्हतं," आई म्हणाली. "तू घाबरशील म्हणून. देवाचं नावसुद्धा मोठ्याने घेतलं नाही. तू मांडीला मांडी लावून बसली होतीस, तरी तुला कळू दिलं नाही. आणि ते यांनी काखेतून काढून नेलं?" तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले, जणू काही चिकट लागलं होतं. "मला ने तिथे. मला बघायचंय."

"काय करणार बघून?"

"ने म्हणते ना."

रविवारी मृणालने इतरांसारखी तिकिटं काढली आणि दोघी रांगेत उभ्या राहिल्या. सुती साडी, वर स्वेटर, पायांत चपला अशी सत्तरीची बाई पाहून मागची पोरं म्हणाली, "आजी, तुम्हीपण? भारी!" आई पुढे सरकत राहिली. किंकाळ्यांची भिंत गेली, झरोका गेला. सहाव्या वळणानंतर मृणालने रुमाल नाकावर धरला आणि दुसरा आईपुढे केला. आईने तो बाजूला सारला.

सातव्या वळणावर आईचा चेहरा बदलला. ओठ आत ओढले गेले, बोटं रुमाल नसतानाही घड्या घालू लागली. पुढे उभी असलेली विशीतली एक मुलगी थरथरत मैत्रिणीच्या गळ्यात पडली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "काय होतंय मला! कसलं भारी वाटतंय, यार!"

आईने तिच्या खांद्याला हात लावला. "बाळ, ते माझं आहे."

"काय, आजी?"

आई वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागली. "ऐका जरा. तुम्हाला आता जी भीती वाटतेय ना, ती माझी आहे. माझे मालक आत टेबलावर होते. मी बाहेर बसले होते, आठ तास. ते परत आले नाहीत. यांनी माझा घाम चोरून इथे सोडलाय. तुम्ही घरी जा. हे घेऊ नका, हे मजेचं नाही."

 मग मागून कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बाप रे, काय ॲक्टिंग आहे!"

"अंगावर काटा आला, बघ, बघ!"

फोन वर झाले. एका बाईने आपल्या मुलाला पुढे ढकललं, "जा, आजींबरोबर फोटो काढ." आई एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. तिने मृणालचा दंड धरला आणि हळूच विचारलं, "यांना कळलं नाही का गं?"

मृणालने आपत्कालीन दार ढकलून तिला बाहेर काढलं. बाहेर ऊन होतं. आई फरशीच्या कडेला गेली, खाली वाकली आणि थुंकली. मग पुन्हा थुंकली. उभ्या आयुष्यात मृणालने तिला असं चारचौघांत थुंकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मृणाल राजीनामा घेऊन गेली, तेव्हा सुखटणकरांच्या टेबलावरच्या पडद्यावर आईचा चेहरा होता, कॅमेऱ्याने टिपलेला. त्यांनी उठून मृणालला खुर्ची दिली.

"अण्णांचं कळलं. मला फार वाईट वाटलं, मृणाल. तो नमुना तुझ्या आईंचा आहे हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं, तशी व्यवस्थाच आहे." ते खरंच हळहळत होते. "पण एक सांगतो. काल आईंचं बोलणं ऐकलेल्या तुकडीतल्या जवळजवळ सगळ्यांनी उतरल्यावर घरी फोन केला. इतकं कधीच झालं नव्हतं. आई आठवड्यातून तीन दिवस येतील का? पाठ काही करायचं नाही. जे बोलल्या तेच. त्यांचंही मन मोकळं होईल."

मृणालने राजीनामा त्यांच्यापुढे सरकवला. "सर, तुम्हाला किळस येत नाही?"

त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. खरोखर विचार केला. "येते. मग सवय होते. तुलाही झाली होती की."

ती तिथून थेट टाकीघरात गेली आणि चारही टाक्यांचे नळ सोडून दिले. सोळाशे लिटर आंबट पाणी गटारात गेलं, तिच्या चपला भिजल्या. दाराशी उभ्या मदतनीस मुलीने ओशाळून सांगितलं, की विरजण तीन ठिकाणी जपून ठेवलेलं आहे, बुधवारपर्यंत टाक्या भरतील. त्या भरल्या. पंधरा दिवसांनी सातव्या वळणावर सुती साडी-स्वेटरातली एक म्हातारी उभी राहू लागली. नाटकात कामं केलेली बाई होती ती. 'माझे मालक आत टेबलावर होते' या वाक्याला ती बारीकसा हुंदका द्यायची. मृणालने त्याची चित्रफीत अर्धी पाहिली आणि फोन पालथा ठेवला. चार दिवस तिला अन्न गेलं नाही. स्वतःच्या अंगाचा वाससुद्धा सोसवेना. ती दिवसातून तीनदा अंघोळ करू लागली.

तिने आरोग्य खात्यात तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्याने अकरावं पान काढून तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना?" वकिलानेही तेच विचारलं. रुग्णालयाने तिला नम्र पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, की यापुढे संमतीचा मजकूर ठळक अक्षरांत छापला जाईल. तो छापला गेलाही, आणि लोक पूर्वीसारख्याच सह्या करत राहिले. आत नेण्याची वेळ झालेली असताना पान वाचत कोण बसतं?

"मग सहीच्या आधीच गाठू त्यांना," आई म्हणाली.

त्या दोघी सकाळी सहाला रुग्णालयासमोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागल्या. टपरीवाल्याने रस्त्याकडेला एक बाक टाकून दिलं. माणसं चहाला येत, तेव्हा मृणाल त्यांना अकराव्या पानाबद्दल सांगे. काही जण आभार मानत. काही जण तिलाच संशयाने न्याहाळत. एका बाईने स्पष्ट सांगितलं, "चकत्या लावल्या की आत एसीत बसायला मिळतं, ताई. घामच आहे ना, नेऊ देत." रुग्णालयाचा रखवालदार दोनदा हुसकावून गेला, पण रस्ता रुग्णालयाचा नव्हता. मृणालला कधीकधी वाटे, दिवसाकाठी पाच-सात माणसं, याने काय होणार? 'अधांतर'ची रांग आता दीड तासाची झाली होती, असं तिने कुठेतरी वाचलं.

जूनमधल्या एका सकाळी मनमाडचा एक माणूस चहाला आला. रेल्वेच्या कारखान्यात काम करणारा, चाळिशीचा, दाढी वाढलेला. त्याच्या काखेत चकत्या आधीच लागल्या होत्या. मृणालने सांगितलेलं त्याने नीट ऐकून घेतलं, खिशातून कागद काढून अकरावं पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग टपरीमागे गेला. परत आला तेव्हा दोन ओल्या चकत्या त्याच्या मुठीत होत्या.

"ह्या कुठं टाकू?"

आईने हात पुढे केला. त्याला संकोच वाटला, पण तिने त्या घेतल्या आणि टपरीवाल्याच्या शेगडीत टाकल्या.

"कोण आहे आत?" तिने विचारलं.

"धाकटी बहीण. झडपेचं ऑपरेशन."

"किती वाजता नेलं?"

"सव्वासातला."

"मग अकरापर्यंत तरी कुणी काही सांगायचं नाही. बसा."

तो बाकाच्या टोकाला बसला. हातातला चहा निवत गेला. समोरच्या इमारतीवरची नजर न काढता तो म्हणाला, "मला लई भ्या वाटतंय, आजी. घरी कुणाला बोललो नाही."

आई सरकून त्याच्या जवळ बसली.

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली, आणि त्याला अण्णांचं सांगू लागली.